लाकूडवाहू रेल्वे: गेज राहू द्या, आसावरचं वजन बघा
वाचक विचारतात

मागच्या अंकात अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कास या गावच्या लाकूडवाहू रेल्वेची माहिती दिली होती. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डोंगरावरचे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे ओंडके खाली गिरणीत आणायला १९०१ पासून कागद कंपनीने ही लाइन टाकली. १९६० मध्ये ती बंद पडली आणि १९६३ पासून राज्य सरकारने प्रवाशांसाठी चालू केली. चढ काही ठिकाणी ११ टक्क्यांपर्यंत आहे. या लेखावर सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा भागातून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा पहिला प्रश्न गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर किती, हाच. कासचं गेज ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या रेल्वेचं असतं तेच. तेव्हा छोटी रेल्वे म्हणजे नॅरोगेजच असणार, हा समज आधी बाजूला ठेवू आणि पुढे जाऊ.

प्रश्न: ११ टक्के चढ म्हणजे आपल्या भाषेत किती? बोरघाटापेक्षा जास्त का? (एक वाचक, सातारा)

शंभर मीटर गेल्यावर अकरा मीटर वर. आपल्याकडे रेल्वेचा चढ ‘इतक्यात एक’ असा सांगतात. शंभराला टक्क्यांनी भागलं की तो आकडा मिळतो, म्हणजे इथे ९ मध्ये १. बोरघाट ३७ मध्ये १ आहे (२.७ टक्के) आणि तिथे मागून जास्तीची इंजिनं लावावी लागतात. माथेरानची गाडी २० मध्ये १ चढते. कासचा सगळ्यात वाईट तुकडा माथेरानच्याही दुपटीहून जास्त आहे, आणि तोही दातेरी रुळाशिवाय, नुसत्या चाकाच्या पकडीवर.

प्रश्न: लेखात ‘शे’ इंजिनाचा उल्लेख होता. इंटरनेटवर त्याचा व्हिडिओ पाहिला. सिलिंडर एकाच बाजूला, बॉयलर दुसरीकडे सरकलेला. आवाजावरून गाडी पन्नास-साठच्या वेगाने पळतेय असं वाटतं, पण बाजूने माणूस चालत जाऊ शकेल. हा काय प्रकार आहे? साधं इंजिन का नाही लावलं? (एक वाचक, कऱ्हाड)

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

इंजिन किती ओढणार हे आधी त्याच्या ताकदीवर नाही, तर ओढणाऱ्या चाकांवर किती वजन पडतं त्यावर ठरतं. कोरड्या रुळावर त्या वजनाच्या साधारण पाचव्या भागाइतकी ओढ भरवशाने धरता येते. त्यापुढे चाक जागच्या जागी गरगरतं. आता हिशोब मांडा. चढ ८ टक्के धरू. प्रत्येक टनाला नुसत्या चढापोटी ८० किलो ओढ लागते. कच्च्या, वाकड्या लाइनीचा विरोध म्हणून आणखी १० किलो धरा. एकूण ९०.

८० टनांचं साधं इंजिन घेतलं, तर त्यातले ३० टन मागच्या टेंडरचे (कोळसा-पाण्याच्या गाडीचे), १० टन पुढच्या मोकळ्या चाकांवर, आणि ओढणाऱ्या चाकांवर उरले ४०. ओढ मिळाली ८ टन. ८,००० भागिले ९० म्हणजे ८९ टन. त्यातले ८० टन इंजिन स्वतःच आहे! उरलेल्या ९ टनांत एक भरलेली वाघीणसुद्धा बसत नाही. ८० टनांच्याच शे इंजिनात मात्र प्रत्येक चाक ओढतं, पाण्याच्या टाकीखालचंसुद्धा. ओढ १६ टन, एकूण १७८ टन, इंजिन वजा जाता ९८ टन माल. वजन तेच, चढ तोच, आणि माल दहापट.

रूळ ओले झाले की पकड पाचव्या भागावरून आठव्या भागाच्या आसपास येते. मग त्याच शेच्या मागे जेमतेम ३१ टन उरतात. म्हणून पकड वाढवायला रुळावर वाळू सोडतात, आणि त्या वाळूची पेटी कोरडी ठेवणं हे चैनीचं काम नाही. ओली वाळू नळीत गोळा होऊन बसते आणि नेमकी गरज असते तेव्हा पडत नाही.

आता रचना. मिशिगनमधला लाकूडवाला एफ्राईम शे याने १८८१ मध्ये पेटंट घेतलं आणि ओहायोतल्या लिमा कारखान्याने ही इंजिनं बांधली, एकूण पावणेतीन हजारांच्या आसपास. दोन किंवा तीन सिलिंडर उजव्या बाजूला उभे असतात. त्यांच्या खाली इंजिनाच्या लांबीने जाणारा क्रँकशाफ्ट. त्याला पुढे-मागे शाफ्ट जोडलेले, आणि प्रत्येक बोगीच्या (इंजिनाखालच्या, वळणाबरोबर फिरणाऱ्या चाकांच्या चौकटीच्या) उजव्या चाकांच्या बाहेरच्या तोंडावर बोल्टने बसवलेला मोठा बेव्हल (तिरप्या दातांचा) गियर. शाफ्टवरचा छोटा गियर त्याला फिरवतो. सिलिंडरांचं वजन एका अंगाला आलं, म्हणून बॉयलर डावीकडे सरकवला. हाच तो तिरकेपणा.

वळणावर बोगी फिरते तेव्हा इंजिन आणि बोगीमधलं अंतर कमी-जास्त होतं. त्यासाठी शाफ्टमध्ये चौकोनी दांडा चौकोनी नळीत सरकतो असा सांधा ठेवलेला असतो, आणि दोन्ही टोकांना ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टला असतो तसा युनिव्हर्सल जॉइंट. दुखणी निघतात ती इथेच. सरकता सांधा कोरडा पडला की वळणावर शाफ्ट अडकतो, गियर एकमेकांत दाबले जातात आणि दात झडतात. गियर उघडे असल्याने वाळू, माती, सालींचा चुरा सगळं त्यांच्यात जातं. त्यामुळे तेलकाम प्रत्येक फेरीला, हात घालून, आणि गाडी उभी असतानाच.

आवाजाचं गणितही त्या गियरमध्येच आहे. समजा चाक ३६ इंची आणि गियर सव्वादोन पट. ताशी १५ किलोमीटरला चाक मिनिटाला ८७ फेरे घेतं, तर क्रँकशाफ्ट १९६ च्या आसपास. तीन सिलिंडर, प्रत्येकाचे फेरीला दोन फुत्कार, म्हणजे मिनिटाला सुमारे ११७५. सेकंदाला वीसएक! तेवढ्याच चाकाचं साधं दोन सिलिंडरचं इंजिन त्याच वेगाला सेकंदाला सहाएक फुत्कार टाकेल. तुमच्या कानाने इंजिनाचा वेग मोजला, गाडीचा नाही. फुत्कार असे दाट आले की चाकाला झटके न बसता सलग जोर मिळतो, त्यामुळे ते सुटतही कमी.

लिमाने बांधलेलं सगळ्यात शेवटचं शे १९४५ चं. तेच आज कासला ६ क्रमांकाने चालतं.

प्रश्न: मी साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. आमचा बॉयलर जागच्या जागी असतो, तरी पाण्याची पातळी हा जिवाचा प्रश्न. ९ मध्ये १ चढावर पाणी मागे पळत असेल. मग गेज ग्लास काय दाखवते आणि खरं काय मानायचं? (एक वाचक, इस्लामपूर)

तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. १० टक्के चढावर तीन मीटर लांबीत पाण्याची पातळी ३० सेंटिमीटरने फिरते. लोकोमोटिव्ह बॉयलरमध्ये फायरबॉक्स (आगीची पेटी) मागे आणि गेज ग्लास, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी काचही मागेच, कॅबमध्ये. चिमणी चढाकडे असली की पाणी मागे येतं, फायरबॉक्सच्या माथ्याचा पत्रा बुडालेला राहतो आणि काच भरपूर पाणी दाखवते. ही परिस्थिती सुरक्षित, पण फसवी. गाडी माथ्यावर येऊन सपाट झाली किंवा पलीकडे झुकली की तेच पाणी पुढे पळतं. काचेत अर्ध्यावर दिसणारं पाणी क्षणात तळाला जातं आणि माथ्याचा पत्रा उघडा पडतो. खाली आग तशीच. पत्रा लाल झाला की नरम पडतो, त्याला धरून ठेवणाऱ्या स्टेबोल्टवरून सुटतो, आणि पुढचं तुम्हाला सांगायला नको.

म्हणून तीव्र चढाच्या लाइनीवर दोन गोष्टी पाळतात. इंजिनाची चिमणी चढाकडे ठेवायची, आणि उतरताना इंजिन न फिरवता तसंच मागे-मागे आणायचं. दुसरी, माथा जवळ आला की सपाटीवर येण्याआधीच इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी भरणारं यंत्र) लावून पाणी वाढवायचं. शेवटचा पहारेकरी म्हणजे माथ्याच्या पत्र्यातला फ्यूजिबल प्लग. त्यातलं कथील २३२ अंशांना वितळतं. २०० पौंड दाबाची वाफ १९८ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे पाण्याखाली आहे तोवर प्लग शाबूत राहतो. मात्र प्लगवर क्षार चढले की तो वेळेवर सुटत नाही. तुमच्याकडेही हे लागू आहेच.

कासच्या लाइनीत एक गंमत आहे. तिथे दोन ठिकाणी गाडी पुढे जाऊन, सांधा बदलून, उलटी वर जाते. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात चिमणी चढाकडे असते, मधल्यात उताराकडे. अशा मधल्या टप्प्यावर पाणी नेहमीपेक्षा वर ठेवूनच निघावं लागतं. काचेवर डोळा ठेवून चालण्याचं काम फायरमनचं.

प्रश्न: इंजिन गाडीच्या मागे लावून ढकलत नेतात, ते का? (एक वाचक, विटा)

मधली कडी तुटली तर वाघिणी उताराला सुटू नयेत म्हणून. इंजिन उताराच्या बाजूला असलं की ते आडवं उभं राहतं. जुन्या लाकूडवाहू लाइनींवर कड्या आणि खिळ्यांची जोडणी होती. दोन वाघिणी एकमेकींवर येत असताना माणसाने मध्ये उभं राहून कडी धरायची आणि खिळा घालायचा. बोटं गमावलेल्या माणसांची तिथे कमी नव्हती. अमेरिकेत १८९३ च्या कायद्याने राज्याराज्यांतल्या वाहतुकीला आपोआप जुळणाऱ्या जोडण्या सक्तीच्या झाल्या. कंपनीच्या स्वतःच्या जंगलात फिरणाऱ्या गाड्या त्या कक्षेबाहेर राहिल्या.

प्रश्न: झाडं तोडून संपल्यावर त्या रुळांचं काय करत? (एक वाचक, तासगाव)

उचलून पुढच्या दरीत टाकत. मुख्य लाइन तेवढी पक्की असे. तिला फुटलेले फाटे काही महिने, फार तर एक-दोन हंगाम टिकले तरी पुरे. खडी नाही, भराव जेमतेम, तिथलीच झाडं कापून न तासलेले स्लीपर, आणि वर हलके रूळ. रुळांना पैसे पडत, म्हणून ते परत नेत. स्लीपर तिथेच कुजत. अशा लाइनीवर साधं ताठ चौकटीचं इंजिन घातलं तर एखादा सांधा खचला की चाक उचललं जातं. शेच्या बोग्या रुळाच्या उंचसखलाप्रमाणे झुकतात. पुढे ट्रक आणि साखळी ट्रॅक्टर आले, रस्ता करणं रूळ टाकण्यापेक्षा स्वस्त पडू लागलं, आणि बहुतेक लाइनी १९३० ते १९६० या काळात गुंडाळल्या गेल्या.

प्रश्न: भारतात अशी रेल्वे होती का? (दोन वाचक, सांगली आणि फलटण)

होती. कोचीन संस्थानाची वन ट्रामवे. केरळातल्या चालकुडीहून परंबिकुलमच्या सागाच्या जंगलापर्यंत, मीटरगेज, जवळपास ८० किलोमीटर. १९०७ मध्ये चालू झाली, १९६३ मध्ये बंद. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेलची इंजिनं होती. माथेरानला १९०७ मध्येच चालू झालेली इंजिनंही त्याच कारखान्याची.

कोचीनवाल्यांनी तीव्र चढाचा प्रश्न गियरने सोडवलाच नाही. इंजिनं फक्त सौम्य तुकड्यांवर चालत. मधले कडे उतरायला तिरपे उतार बांधले आणि वायररोप लावला. ओंडक्यांनी भरलेल्या वाघिणी खाली जाताना त्याच दोराच्या दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या वाघिणींना वर ओढत. माल नेहमी खालीच यायचा असल्याने वाफ लागत नाही, ब्रेक तेवढा लागतो. पद्धत स्वस्त आणि हुशारीची, पण तिची मर्यादा तिच्यातच आहे. प्रत्येक उताराला गाडी तोडा, चार-दोन वाघिणी सोडा, खाली पुन्हा जोडा. एका उतारावर खोळंबा झाला की अख्खी लाइन थांबते. आणि वर जायचा माल, धान्य असो की सामान, खाली येणाऱ्या लाकडाच्या भरवशावर.

प्रश्न: आमच्या मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट याच जातीची का? तिचंही गेज लहान होतं. (एक वाचक, मिरज)

लाकडासाठी नव्हती, पण डोकं तेच होतं. ते गेजपेक्षा आसावरच्या, म्हणजे चाकांच्या एका जोडीला जोडणाऱ्या दांड्यावरच्या वजनात दिसतं.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचं म्हणणं असं: रूळ, पूल, भराव यांचा खर्च सगळ्यात जड आसावर ठरतो. एखादं इंजिन आसामागे दहा टनांचं असेल तर बाकी वाघिणी हलक्या असूनही सगळी लाइन दहा टनांची बांधावी लागते. म्हणून त्याने इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक आसाला पाच टन ही मर्यादा घातली. मग दर यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोचे रूळ पुरले. आज मिरजेच्या फलाटासमोरून जाणाऱ्या मुख्य लाइनीवर ६० किलोचे रूळ दिसतात, त्यावरून अंदाज करा. इंजिनासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याकडून आठ ओढती चाकं आणि मागे चार मोकळी अशी रचना करून घेतली. सहा आस, म्हणजे कितीही झालं तरी वजन तीस टनांच्या आत, पण त्यातला बराचसा भाग ओढीला उपयोगी. वाघिणी दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या, बोगीवाल्या. स्वतःचं वजन कमी, माल जास्त. हे सगळं इकडे आणण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीची लाइन टाकून तपासलं. (हाच गृहस्थ पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला आणि तेही बनवून दाखवलं.)

१८९७ मध्ये कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचं बार्शी रोड, ते बार्शी हा तुकडा सुरू झाला. पंढरपूर १९०६, लातूर १९११, मिरज १९२७. एकूण २०२ मैल. १९५४ मध्ये सरकारने घेतली. आता ती सगळी ब्रॉडगेज झाली आहे. १९७१ नंतर काही वर्षं मिरज जंक्शनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज तिन्ही एका ठिकाणी होती, हे तिथल्या जुन्या प्रवाशांना आठवत असेल.

गेजचा मुद्दा इथेच निकाली काढू. बार्शी लाइटचं गेज अडीच फूट. तैवानमधल्या आलिशानच्या लाकूडवाहू रेल्वेचं गेजही अडीच फूट. पण ती चियायीच्या सपाटीवरून २,२०० मीटरच्या वर चढते, १६ मध्ये १ पर्यंत, म्हणून तिथे शे इंजिनं आली, १८ टनी आणि २८ टनी. बार्शी-पंढरपूरचा प्रदेश त्या मानाने सपाट, तिथे गियर नसलेल्या, चाकं दांड्यांनी फिरवणाऱ्या साध्या इंजिनाने भागलं. गेज एक, इंजिनं दोन जातींची. उलट कास आणि आलिशान यांचं गेज वेगळं, इंजिन एकाच जातीचं.

प्रश्न: घरी चार बाय सहा फुटांच्या फळीवर लाकूडवाहू रेल्वेचं मॉडेल करायचं आहे. कोणत्या मापात करू? लाकडी पूल विकत न घेता बनवता येईल का? (एक वाचक, सांगली)

माप आधी. कास करायचं तर १:८७ मध्ये १६.५ मिलिमीटरचा रूळ बरोबर बसतो. आलिशान किंवा बार्शी लाइट करायची तर अडीच फुटांचे ७६२ मिलिमीटर भागिले ८७, म्हणजे पावणेनऊ, तेव्हा ९ मिलिमीटरचा रूळ घ्या. मोठं मॉडेल आवडत असेल तर १:४८ ला तेच गेज १५.९ येतं आणि बाजारातला १६.५ चा रूळ चालून जातो. तुमच्या फळीला १:८७ बरं.

चढ ४ टक्क्यांच्या वर नेऊ नका, म्हणजे मीटरला ४ सेंटिमीटर. मॉडेलच्या चाकाची पकड खऱ्यासारखी नसते. चढ सुरू होताना आणि संपताना एकदम कोन देऊ नका, नाहीतर जोडण्या सुटतात. एका रुळावरून दुसरा न्यायला साडेसात सेंटिमीटर उंची हवी, म्हणजे जवळपास दोन मीटर लांबी. ती तुमच्याकडे नाही. म्हणून उलटसुलट जाणारी लाइनच करा. तिच्या शेंड्याचा तुकडा इंजिन आणि सगळ्या वाघिणींपेक्षा लांब हवा. १५ सेंटिमीटरचं इंजिन आणि १२ च्या तीन वाघिणी धरल्या तर ५१, तेव्हा ६० ठेवा. शेंडा तोकडा पडणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि ती सीनरी लावून झाल्यावरच लक्षात येते.

पूल घरी होतो. कबाबच्या ३ मिलिमीटरच्या बांबूच्या काड्या आणा. १:८७ ला त्या २६ सेंटिमीटर जाडीच्या, म्हणजे खऱ्या पुलाच्या खांबासारख्याच ठरतात. आडव्या-तिरप्या पट्ट्यांना आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून वापरा. माथ्यावरची तुळई साडेतीन मिलिमीटर चौकोनी. दोन चौकटींमधलं अंतर ५२ मिलिमीटर, म्हणजे खऱ्यात १५ फूट. एका चौकटीत पाच खांब: मधला सरळ, बाहेरचे दोन सहाला एक इतके बाहेर झुकलेले. कागदावर पूर्ण मापात एक चौकट काढा, प्लायवर चिकटवा, वर पारदर्शक प्लास्टिक आणि खांबांच्या दोन्ही अंगांनी टाचण्या. सगळ्या चौकटी याच साच्यात.

रंग चिकटवण्याआधी द्या. फेविकॉल लागलेल्या जागी रंग शिरत नाही आणि पांढरे ठिपके राहतात. जुनाट करडा रंग हवा तर स्टील वूल व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ते पाणी वापरा. मात्र बांबूवर ते एकटं चढत नाही. आधी काड्या कडक काळ्या चहात भिजवून वाळवा. आणि बांबूची गुळगुळीत पाठ पॉलिश पेपरने घासल्याशिवाय फेविकॉल धरत नाही, दोन महिन्यांनी पट्ट्या टपाटप सुटतात.

चौकटी उभ्या करताना रूळ चढावर असला तरी चौकट ओळंब्यातच हवी. रुळाला काटकोनात लावल्या तर सगळा पूल घसरतोय असं दिसतं. खालच्या फळीसाठी एमडीएफ टाळा. पावसाळ्यात कडा फुगतात आणि चढाची मापं बिघडतात. १२ मिलिमीटरचं प्लाय घेऊन दोन्ही बाजूंनी सीलर मारा आणि रुळाच्या दर मीटरला एका जोडात पाऊण-एक मिलिमीटर फट ठेवा. त्या जोडाला रूळ डागू नका, खालून वेगळी वायर द्या.